शैलाताई, तुझं माहेर आम्हीच

शैलाताई, परवा तुझ्या दारात मी भांडले. तुला अंगणात खाली ठेवलेलं होतं, तुझी लेक केतकी उशाशी बसली होती, आणि मी तुझ्या सख्ख्या भावाशी भांडले. सिडकोतली तुमची अख्खी गल्ली बघत होती. मागून कुणीतरी माझा पदर ओढला, ‘मंगल, मयताच्या दारात बरं दिसत नाही.’ बरं दिसायला मी आलेच नव्हते. तुझ्या अंगावर माहेरची साडी कुणी घालायची, हा प्रश्न होता. तू असतीस तर डोळे वटारून मला गप्प बसवलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर आज सगळं सांगून टाकते. आता तुला मधे बोलता येत नाही.

एरवी तू मला वाक्य कधी पूर्ण करू दिलंस? पहिल्या भेटीतही नाही. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मांडीवर चार महिन्यांचा ओंकार. संस्थेतून आणलेलं मूल आपलं झालं असं न्यायाधीशांनी सांगायचं होतं आणि आमचा नंबर काही लागत नव्हता. तू नाशिकरोडच्या कुठल्याशा जोडप्याला सोबत म्हणून आली होतीस. कडेवर दोन वर्षांची केतकी, तिच्या तोंडाला बिस्किटाचा लगदा, आणि तुझ्याही खांद्याला. बाजूला बसलीस आणि ओळख ना पाळख, विचारलंस, ‘घरचे काय म्हणत्यात?’ मी ‘घरचे’ एवढंच म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

‘रडतीस काय गं? कोर्टानं एकदा दिलं की देवाच्या बापालाही परत मागता येत नाय. शनिवारी माझ्याकडं ये. आपल्यासारखी लय जणं येतात. रडायचं असलं तर तिथं रड, इथं शिपाई बघतोय.’

हे काय बोलणं झालं? मला राग आला होता, खरं सांगते. पण शनिवारी मी आले.

तुझ्या त्या दोन खोल्यांत माणसं मावायची कशी, हे मला अजून कळलेलं नाही. कुणी अंबडच्या कारखान्यात कामाला, कुणी बँकेत, आम्ही मखमलाबादचे फुलवाले. हरसूलचे गुरुजी आणि त्यांच्या बाई यायच्या. ते संस्थेतली मुलं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळायचे आणि दर खेपेला मूल गेलं की बाई महिनाभर जेवायच्या नाहीत धड. पोर गेल्यावर बाई आल्या की तू त्यांना काही विचारायची नाहीस. हातात लसणाचा वाडगा द्यायचीस सोलायला. बाकीच्यांचं चाललेलं असायचं. कुणाचं बाळ झोपेत दचकतं, कुणाचं ताट उशाशी घेऊन झोपतं, कुणाच्या पोरीला शाळेत कुणीतरी म्हणालं की तुला उकिरड्यावरून आणलंय. मुलाला खरं कधी सांगायचं यावर तर दर शनिवारी भांडण. लोक काय म्हणतात हे मात्र काढायचं नाही, असा तुझा दंडक. ‘लोक त्यांच्या घरी बोलतील. आपला चहा गार करायचा नाय.’

मग ओंकारचं बारसं आलं.

सासूबाईंनी मळ्यातल्या झाडून सगळ्या घरांना बोलावणं केलं होतं. हरभऱ्याच्या घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवायला दोन बाया लागल्या, एवढ्या घुगऱ्या. पाळण्याला शेवंतीच्या माळा मी स्वतः केलेल्या. आणि निफाडहून निरोप आला, माझी नणंद येत नाही म्हणून. कारण असं की, ‘रक्ताचं नाही, जातीचा पत्ता नाही, त्याच्या कानात मी कुर्रर्र करणार नाही.’ आता नाव ठेवायचं ते आत्यानं. आत्याच नाही म्हटल्यावर बाकीच्या बायांना निमित्तच मिळालं. चारपाच जणी तेवढ्या ओसरीवर येऊन बसल्या, बाकीच्या बांधावर उभ्या राहून इकडे बघत होत्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘शेजारच्या सुमीला घेऊ का? पोरगी आहे, करील.’ पहिल्याच दिवशी माझ्या लेकराच्या नशिबी उसनवारी.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. रिक्षातून माणसं उतरतच राहिली. सगळ्यांत शेवटी तू, हिरवी साडी, नाकात नथ, कडेवर केतकी. ‘सरका गं, आत्या आली!’

कुणी तुला सांगितलं होतं? मी नाही. आजवर विचारलं तरी तू हसण्यावारी न्यायचीस.

पाळण्याखालून-वरून बाळ घेतलं, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, आणि तू वाकून ओंकारच्या कानात नाव सांगितलंस. आत्या नाव सांगते तेव्हा मागून बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. तुझ्याबरोबर आलेल्या सिडकोच्या बायांनी असे दणादण घातले की तू ओरडलीस, ‘अगं हळू, भाड्याची नाय मी, खरी हाय!’ ओसरीवरच्या हसायला लागल्या. आणि बांधावरच्यांना राहवेना. धपाटे घालायची संधी बाईमाणसाला वर्षातून कितीदा मिळते? एकेक करत आत आल्या. शेवटी पातेलं खरवडून घुगऱ्या वाटाव्या लागल्या.

त्या दिवशी तू माझ्या नवऱ्याची बहीण झालीस. आणि नुसती माझ्याच नाही. ज्या घरात सख्खी आत्या रुसली, त्या घरी तू उभी. सिन्नरला, सातपूरला, पार त्र्यंबकच्या वाटेवरच्या वाडीवर. लोक तुला हसायचे, बारशाची आत्या म्हणायचे. म्हणू देत. पण इतर जणी बारसं करून घरी जातात, तू जायची नाहीस. लस टोचायला तू, बालवाडीत नाव घालायला तू. ओंकार पहिलीत असताना त्याला ‘तुझी खरी आई कुठाय’ म्हणून चिडवणाऱ्या पोराच्या घरी तूच गेली होतीस आणि त्या पोराच्या आईच्या हातचे पोहे खाऊन आली होतीस. मी तर भांडायच्या तयारीत होते. ‘भांडून काय मिळालं असतं? आता ती बाई शनिवारी येणार हाय, पापड लाटायला.’

आणि ते डॉक्टरांचं! ते आठवलं की आताही हसू येतं आणि लगेच तोंड आवळून घ्यावं लागतं, घरात माणसं आहेत. ओंकार तापानं फणफणला होता. नवे डॉक्टर होते, ते विचारायला लागले, घराण्यात कुणाला काय आहे, दमा, साखर, फिट्स. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. काय सांगणार? आणि तू ठणकावून म्हणालीस, ‘साखर हाय. आत्याला.’

‘सख्खी आत्या?’

‘मग? तुम्हाला चुलत वाटते का?’

त्यांनी लिहूनही घेतलं. बाहेर आलो तेव्हा तुझ्या लक्षात आलं. जिन्यावरच बसलीस कपाळावर हात मारून, ‘अगं बाई! मी खरंच माझी साखर सांगितली की गं!’ आणि पोट धरून हसायला लागलीस. मी धावत आत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, ‘अशी आत्या असू द्या.’ खाली आले तर तू अजून हसतच होतीस, पण डोळे पुसत होतीस. त्या दिवशी मला कळलं की तू हे आमच्यावर उपकार म्हणून करत नव्हतीस. तू विसरूनच गेली होतीस.

आता आपलं भांडण. ते अर्धं टाकून तू गेलीस, हे काही मला पटलेलं नाही.

तुझा भाऊ लासलगावचा, कांद्याचा आडत्या, दारात ट्रक उभे. केतकीला आणलीस त्या दिवशी त्यानं सांगितलं की कुणाची कोण पोर घेऊन माझ्या उंबऱ्यावर यायचं नाही. तू म्हणालीस, बरं. आणि गेली नाहीस. तुझी आई गेली तेव्हासुद्धा एकटी गेलीस, केतकीला माझ्याकडे ठेवून, आणि तोंडात पाणीही न घेता परत आलीस. भाऊबीज आली की तुझ्या शेजारणी म्हणायच्या, चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की ओवाळतात. तू चिडायचीस. ‘भाऊ माझा जिता हाय. चंद्राला कशाला?’ मग आमच्या नवऱ्यांना एका रांगेत बसवून ओवाळायचीस. आमचे हे, गुरुजी, बँकेतले साहेब, सगळे टोप्या घालून भिंतीला टेकून बसलेले, तुझ्या दोन खोल्यांतून रांग पार जिन्यापर्यंत. पण एक पाट तू रिकामा मांडायचीस. त्यावर कुणाला बसू द्यायची नाहीस.

मला तो पाट बघवायचा नाही. एकदा मी तो उचलून कॉटखाली सरकवला, तर तू माझ्यावर उखडलीस.

‘येईल दादा.’

‘कशाला यावा? पोरीचं तोंड न बघणारा माणूस!’

‘तुझ्या नणंदेनं तरी कुठं बघितलंय ओंकारचं? तिला बोलव तू. पोराला सख्खी आत्या पाहिजे गं.’

‘पोराला आत्या आहे.’

‘मी किती पुरणार?’

‘पुरशील. आणि आधी तुझा भाऊ येऊ दे, मग मी नणंदेला दार उघडते.’

हे असं दर दिवाळीला. वर्षानुवर्षं. तू म्हणायचीस, दार उघडं ठेवलं की माणूस येतं. मी म्हणायचे, दार उघडं ठेवलं की माणसाला वाटतं, आपण काही केलंच नाही. तुझं खरं की माझं खरं? गेल्या महिन्यात दवाखान्यात तुझे पाय सुजून खांबासारखे झाले होते, तरी तू तेच. ‘मंगल, बोलव गं तिला.’ मी औषधाची बाटली हलवत बसले. तुझ्या साखरेनं तुझी किडनी खाल्ली. एवढ्या पोरांच्या मागे धावलीस, स्वतःची गोळी वेळेवर घ्यायला तुला काय झालं होतं? याचाही मला राग आहे. तुझी कुठली गोष्ट सोडू, सांग.

आणि परवा तुझा दादा आला.

आम्ही सगळ्या आधीच जमलो होतो. सांगायची गरजच पडली नाही, प्रत्येकीच्या पिशवीत साडी होती. हरसूलच्या बाईंनी नऊवारी आणली होती. तुला हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली. तेवढ्यात जीप थांबली. ‘माहेरची साडी आली,’ असं शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या आणि वाट करून दिली. पांढरे कपडे, हातात हिरवी साडी. केतकी उठून उभी राहिली. तिनं दोन्ही हात पुढे केले, शैलाताई. आठवीतली पोर, आई समोर पडलेली, आणि हात पुढे करून उभी. तो तिच्या डोक्यावरून हात लांब करून तुझ्या नवऱ्याला, वसंतरावांना म्हणाला, ‘घ्या, दाजी.’

केतकीचे हात तसेच राहिले. मग तिनं ते ओढणीत लपवले.

माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही. मी मधे जाऊन उभी राहिले. ‘तिच्या हातात द्या.’

‘तुम्ही कोण?’

‘मी हिची भावजय.’

‘कुठली भावजय? मी एकटाच भाऊ हाय तिला.’

‘मखमलाबादच्या भावाची मी. त्या नाशिकरोडच्या भावाच्या. त्या हरसूलच्या. माहेरच्या साड्या केव्हाच आल्यात, दादा. तुमची घालायची असली तर भाचीच्या हातात द्या. नाहीतर जीपमध्ये परत ठेवा.’

‘आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका बाई.’

‘घरची? पोर पाळण्यात होती तेव्हापासून तुमचं घर कुठं होतं?’

तेव्हाच तो पदर ओढला गेला माझा. कुणी म्हणालं उशीर होतोय, अमरधामला लाकडं रचून झालीत. कुणी म्हणालं भाऊ आहे तो, घालू द्या, वाद कशाला. मी हटले नाही. तुझ्या मयतात मला तमाशा करायचा नव्हता, पण त्या पोरीनं हात लपवले ते मी पाहिलं होतं. आणि मग तुझे वसंतराव, जे शनिवारी चहाच्या कपांच्या आवाजाएवढंही कधी बोलले नाहीत, ते म्हणाले, ‘दादा, लेक तिची आहे. तिला द्या, नाहीतर राहू द्या.’

तुझ्या भावानं मान वर केली. त्याची हनुवटी तुझ्यासारखीच आहे गं. मला ते बघून जास्तच संताप आला. मग त्यानं साडी केतकीपुढे धरली. बघितलं नाही तिच्याकडे, पण धरली.

मी केतकीच्या जागी असते तर घेतली नसती. तिनं घेतली. घडी मोडली आणि दुसरं टोक त्याच्यापुढे केलं. ‘मामा, तिकडून धरा. मला एकटीला पुरत नाही.’

तो वाकला आणि त्यानं टोक धरलं. दोघांनी मिळून तुझ्या अंगावर साडी घातली. घालता घालता तो मोडला, जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि केतकी त्याला म्हणाली, ‘मामा, उठा, अजून सगळ्यांच्या घालायच्यात.’ मग आमच्या घातल्या. एकावर एक. खांदा देणारे म्हणत होते, एवढं वजन! असू दे. ओंकार, सिन्नरची जुळी, सातपूरची मुलगी, सगळी तुझी भाचरं तुझ्यामागून चालत अमरधामपर्यंत गेली. पोरींनी जायचं नसतं, असं एकानं म्हटलं, तर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

म्हणजे तुझा दादा आला. तू जिंकलीस असं समजू नकोस. तो आला तेव्हा तू नव्हतीस, आणि हे मी त्याला माफ करणार नाही. तू कर, तुला सवय आहे.

पण मीच तुला म्हटलं होतं ना, भाऊ आला की मी नणंदेला दार उघडीन म्हणून? तर ऐक. आज सकाळी फोन वाजला. तिला निफाडला कुणीतरी सगळं सांगितलं असणार, साड्यांचं, भांडणाचं. मी आत फुलांच्या करंड्या बांधत होते. फोन ओंकारनं उचलला. अकरा वर्षांत त्यानं तिचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती म्हणाली असणार, मी आत्या बोलतेय. कारण ओंकार अगदी साधेपणानं, पत्ता सांगावा तसं म्हणाला, ‘आत्या परवा वारली. तुम्ही कोण?’

करंडी माझ्या हातातून पडली. ओंकारनं गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर पुढे केला.

मी तो घेतला, शैलाताई. ठेवून दिला नाही, हे तुझ्यासाठी. तिचा श्वास ऐकू येत होता. ये असंही म्हटलं नाही, येऊ नकोस असंही नाही. म्हटलं, ‘वन्सं, पोरानं काहीतरी विचारलंय तुम्हाला. त्याचं उत्तर द्या आधी.’ आणि रिसीव्हर परत ओंकारच्या कानाला लावला.